गालाचे माप

“बाबांच्या मापाने करा. माझं माप घेऊ नका,” सून म्हणाली आणि तिने बंदुकीची पेटी कारागिराच्या बाकावर ठेवली.

कारागिराने पेटी उघडली. नळ्या सुट्या करून उजेडाकडे धरल्या, त्या रिकाम्या असल्याची खात्री करून घेतली आणि मग दस्ता तेवढा हातात घेतला. बंदुकीचा जो लाकडी भाग खांद्याला लागतो आणि ज्यावर गाल टेकतो, तो दस्ता. या दस्त्याचा वरचा काठ कापून वेगळा केलेला होता आणि दोन धातूच्या खुंट्यांवर बसवलेला होता. किल्ली फिरवली की तो वर-खाली होई. क्लबातले लोक त्याला गालपट्टी म्हणत.

“चांगली चालतेय की. मीच बसवलीये ही,” कारागीर म्हणाला. “दोघांचं काम एका दस्त्यात भागतंय. मोडीत का काढताय?”

“आता दोघांचं काम नाही राहिलं, काका. मी सोडतेय. बाबांची संघात निवड झालीये. त्यांना एकसंध दस्ता हवा, हलणारं काही नको त्यात. माझ्याकडून देतेय मी.”

“वा. आमची सून मला चहा देते तोसुद्धा कप आपटून.”

ती हसली. सासरे हसले नाहीत. ते दाराशीच उभे होते. आत जागा होती, बसायला स्टूल होते, स्टुलावरचा भुसा कारागिराने त्यांच्यादेखत झटकला होता. तरी ते चौकट धरून उभे राहिले होते.

नोकरीभर ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, पारड्याखाली चिकटवलेले मेण नखाने खरवडून काढायचे, आणि समोरचा माणूस गयावया करू लागला की खिडकीबाहेर पाहायचे, हे त्यांचे काम. निवृत्तीनंतरही लोक त्यांना निरीक्षकच म्हणत. क्लबात मात्र ‘मिलिमीटर’. हे नाव चेष्टेने पडले होते, पण त्यांनी ते बहुमानासारखे वापरले. नशीब, नजर लागणे, हाताचा गुण, शुभ वार यांपैकी कशावरही त्यांचा विश्वास नव्हता. मोजता येते ते खरे. मोजता येत नाही ते अजून मोजलेले नाही, एवढेच.

“गालाला काय झालं हो?” कारागिराने तिच्याकडे पाहत विचारले. तिच्या उजव्या गालाच्या हाडावर एक डाग होता, मध्ये जांभळा, कडेला पिवळा पडत चाललेला.

“डोकं उचलते मी, बार काढताना. त्यामुळे छर्रे वरून जातात. म्हणून गाल दाबून धरायची सवय लावत होते,” ती म्हणाली. “बाबांनीच दाखवून दिलं. मला तर कळलंही नसतं.”

निरीक्षकांनी खिडकीबाहेर पाहिले.

निवड चाचणी तीन आठवड्यांपूर्वी झाली होती. पंचवीस तबकड्यांची. हाताच्या पंजाएवढी मातीची तबकडी खड्ड्यातल्या यंत्रातून सुटते, वर चढत दूर जाते, आणि ती फोडायला नेमबाजाला जेमतेम एक श्वास मिळतो. संघातल्या चार जागा ठरलेल्या होत्या. पाचवीवर बरीच वर्षे निरीक्षक होते. यंदा त्या जागेसाठी त्यांच्यासमोर त्यांचीच सून उभी होती. तिला क्लबात त्यांनीच आणले होते. मुलाला या खेळात काडीचा रस नव्हता. “घरात दोन-दोन नेमबाज, आणि डास मात्र मी मारायचे,” असे तो आल्यागेल्याला सांगे. सून दवाखान्यात तपासणीसाठी रक्त काढण्याचे काम करी. तिचा हात पाहूनच निरीक्षकांनी तिला पहिल्यांदा बंदूक दिली होती. लहान मुलाच्या दंडातली शीर ती एका टोचणीत शोधे, आणि मूल रडायचे विसरून जाई.

बंदूक एक, माणसे दोन. छर्ऱ्याच्या बंदुकीला मागच्या बाजूस नेम धरण्याची खूण नसते. ते काम नेमबाजाचा डोळाच करतो. डोळा किती उंचीवर येणार ते गाल ठरवतो आणि गाल कुठे टेकणार ते दस्ता ठरवतो. निरीक्षकांच्या दाढा गेलेल्या, गाल बसलेले, म्हणून त्यांना गालपट्टी उंच लागे. सुनेचा चेहरा भरलेला. तिच्यासाठी ती पूर्ण खाली बसवावी लागे. फरक पाच मिलिमीटरचा. गालाशी पाच मिलिमीटर म्हणजे तबकडीपाशी जवळजवळ एक वीत, हे निरीक्षकांनी कागदावर आकृती काढून तिला समजावले होते. काटकोनात वळलेली ती षट्कोनी किल्ली त्यांच्याच खिशात असे. गालपट्टी तेच फिरवत, तिने हात लावायचा नाही. “एका उपकरणाला एकच जबाबदार माणूस,” हा त्यांचा नियम होता. “दोघांनी बघितलं की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने बघितलंय.”

त्या दिवशी ते पहिल्या तुकडीत होते. त्यांनी वीस फोडल्या. वाईट नव्हत्या, पण सरावात सून बावीसच्या खाली येत नसे. हे सगळ्या क्लबाला ठाऊक होते. निरीक्षकांना अधिक, कारण तिची सरासरी त्यांनीच काढली होती.

मैदानातून बाहेर येताना त्यांना टोपीवाले भेटले. हे गृहस्थ चाचणीला नेहमी एकच मळकी टोपी घालून येत.

“हसा, मिलिमीटर, हसा. हीच टोपी घातली तेव्हा चोवीस आले होते माझे.”

“आणि हीच घातली तेव्हा अकरा किती वेळा आले, ते पण सांगा ना.”

“ते टोपी धुतली होती तेव्हा.”

निरीक्षक थांबले. असे वाक्य ऐकून पुढे जाणे त्यांच्या स्वभावात नव्हते. बंदूक उघडून हातावर आडवी घेतलेली होती, आणि ते बोलत राहिले: माणूस लागलेले लक्षात ठेवतो आणि चुकलेले विसरतो, श्रद्धा म्हणजे अर्धवट ठेवलेली नोंद. टोपीवाले मान हलवत होते. तेवढ्यात दुसऱ्या तुकडीला हाक आली, सून धावत आली, आणि निरीक्षकांनी वाक्य न तोडता बंदूक तिच्या हातात दिली.

पहिली तबकडी फुटली. दुसरी अखंड निघून गेली. तिसरी फुटली, पण कडेचा टवका उडाला तेवढाच. चौथ्या तबकडीसाठी तिने बंदूक खांद्याला लावली तेव्हा ऊन बाजूने पडले होते, आणि मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकांना गालपट्टीखाली दोन खुंट्या चकाकताना दिसल्या. तिच्या मापाला त्या दिसत नसत. चौथी गेली.

निरीक्षकांचा हात खिशावर गेला. किल्ली तिथे होती.

पंचांकडे हात वर करायचा आणि बंदुकीत दोष आहे असे सांगायचे. नियमात त्याची सोय होती आणि तसे करण्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. गेलेल्या दोन गेल्या असत्या. उरलेल्या एकवीस तिच्या मापाने झाल्या असत्या. दोन गेल्या तरी तेवीस शक्य, निदान एकवीस तर नक्कीच. आणि एकवीस म्हणजे विसापेक्षा एक जास्त. हे गणित त्यांनी केले. पुढे कित्येक वेळा त्यांनी स्वतःला सांगून पाहिले की ते तेव्हा गोंधळले होते. पण गोंधळलेला माणूस वजाबाकी करत नाही.

शेजारी टोपीवाले बसले होते. हात वर केला असता तर त्यांना कळले असते की जबाबदार माणूस टोपीवर व्याख्यान देत होता आणि किल्ली खिशात होती. निरीक्षक स्वतःला म्हणाले, आत्ता मध्ये बोलले तर तिचे लक्ष विचलित होईल. पाचव्या तबकडीनंतर हे कारण पटण्याजोगे वाटले. दहाव्या तबकडीनंतर कारणाची गरज उरली नाही. आता बोलले तर आधी का नाही, हा प्रश्न आला असता.

तिच्या चौदा झाल्या.

पेटीत ठेवण्यापूर्वी, तिची पाठ वळलेली असताना, निरीक्षकांनी गालपट्टी खाली बसवली. घरी जाताना गाडीत ती म्हणाली, “मला नळीची पाठ जरा जास्तच दिसत होती आज. असं का झालं असेल?”

खरे उत्तर चार शब्दांचे होते. निरीक्षक म्हणाले, “डोकं उचलत होतीस.”

हे खोटे त्यांना शोधावे लागले नाही. डोके उचलले की डोळा वर जातो, नळीची पाठ जास्त दिसते आणि छर्रे वरून जातात. गालपट्टी उंच असली तरी नेमके हेच होते. दोन कारणे, परिणाम एक. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळूच शकत नाही. आयुष्यात त्यांनी इतके बिनचूक खोटे कुणा दुकानदाराच्या तोंडूनही ऐकले नव्हते.

तिने ते मनावर घेतले. सरावाला ती गाल दस्त्यावर असा दाबू लागली की बंदुकीचा धक्का थेट हाडावर बसू लागला. आता गालपट्टी तिच्या मापाला होती, पण ती दाबत होती. डोळा खाली जाई आणि छर्रे तबकडीच्या खालून निघून जात. आधी वरून, आता खालून. “माझं काहीतरी मुळातच चुकतंय, बाबा,” ती म्हणायची. निरीक्षकांना उत्तर ठाऊक होते. “सवयीने येईल,” ते म्हणायचे.

एकदा जेवताना ती म्हणाली, “आज एका आजोबांची शीर सापडेना मला. दोनदा टोचलं. ते काही बोलले नाहीत, पण त्यांच्या मुलीने दुसऱ्या बाईला बोलवा म्हटलं.”

“होतं असं कधीकधी,” मुलगा म्हणाला.

“मला नव्हतं होत,” ती म्हणाली आणि तिने आपला हात ताटाशेजारी उलटा ठेवून पाहिला, जणू तो कुणी वापरायला मागून नेला होता आणि खराब करून परत दिला होता.

निरीक्षकांनी ते पाहिले. त्यानंतर त्यांनी दोन वेळा तिला सांगायचे ठरवले. दोन्ही वेळा ती त्यांचे आभार मानत होती.

कारागिराने अक्रोडाच्या लाकडाचे दोन ठोकळे बाकावर मांडले. एकात काळ्या रेषांची वळणे होती, दुसरा साधा, सरळ रेषांचा.

“हा बघा. ही वळणं नशीबवान असतात.”

“रेषांचा आणि नशिबाचा संबंध नाही,” निरीक्षक दारातून म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच कोरडा वाटला. “मुठीपाशी रेषा सरळ हव्यात. तिथे दस्ता तडकतो.”

“बघा, आले मिलिमीटर शुद्धीवर,” कारागीर म्हणाला. “मग हा साधा. या आता आत. माप आज घेऊ. कापीन मी डोळा उघडल्यावर.” त्याच्या उजव्या डोळ्यावर हिरवे फडके बांधलेले होते, मोतीबिंदू काढून चार दिवस झाले होते. “डावा नुसता जोडीला आहे. त्याने लांबून मला बायकोसुद्धा ओळखू येत नाही. त्यामुळे बघायचं काम सूनबाईंना करावं लागेल.”

त्याने कपाटातून मापाची बंदूक काढली. तिच्या दस्त्याला जागोजागी सांधे आणि स्क्रू होते; लांबी, उतार, बाक, सगळे हवे तसे बदलता येई. नळीत शिशाचे बूच ओतलेले होते आणि आतली यंत्रणाच काढून टाकलेली होती. माप घेण्याची त्याची रीत जुनी होती. नेमबाजाने ही मुकी बंदूक खांद्याला लावायची आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यावर नेम धरायचा. समोरच्याने नळीच्या टोकाकडून मागे पाहायचे. नेमबाजाचा डोळा नळीच्या पाठीवर नेमका कुठे येतो, ते फक्त तिथूनच दिसते.

सून समोर जाऊन उभी राहिली. उजेड तिच्या चेहऱ्यावर येत होता. गालावरचा डाग इथून मोठा दिसत होता.

“धरा, बाबा. माझ्या उजव्या डोळ्यात.”

निरीक्षकांनी बंदूक उचलली, दस्ता खांद्यात बसवला आणि गाल टेकवला. हे त्यांनी आयुष्यात हजारो वेळा केले होते. नळीच्या टोकापलीकडे तिचा डोळा आला. ती पापणी न हलवता पाहत होती, लक्ष देऊन, जसे ती शीर शोधताना पाहत असेल.

“थांबा,” ती म्हणाली. “डोकं वर आलं तुमचं.”

त्यांनी गाल पुन्हा टेकवला.

“परत आलं. बाबा, तुम्ही डोकं उचलताय.” ती हसली. “हे तर माझं दुखणं. तुम्हाला कुठून लागलं?”

कारागीरही हसला. निरीक्षकांनी तिसऱ्यांदा प्रयत्न केला. मान खाली जात होती. डोळा त्या डोळ्यापर्यंत पोहोचला की ती आपोआप वर येत होती. त्यांनी बंदूक खाली घेतली आणि बाकावर ठेवली.

“त्या दिवशी गालपट्टी माझ्या मापाला होती,” ते म्हणाले.

“कुठल्या दिवशी?”

“चाचणीच्या. तुला दिली तेव्हा खाली करायची राहिली.”

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिचा हात गालावर गेला.

“विसरलात?”

“विसरलो.”

“म्हणजे मी डोकं उचलत नव्हते?”

“नाही.”

“एकदाही?”

“नाही.”

तिने श्वास सोडला. तो इतका लांब होता की कारागिराने हातातली कानस खाली ठेवली. “अहो बाबा,” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले, पण चेहरा हसत होता. “मग सांगायचं ना. विसरलात तर विसरलात. मला वाटायला लागलं होतं, माझा हातच गेला. दवाखान्यात मी… जाऊ दे. एवढंच होतं होय?”

“विसरतो हो माणूस,” कारागीर म्हणाला. “मी एकदा खुर्चीला तीनच पाय लावून पाठवली होती.”

इथे थांबता आले असते. दोघांनी क्षमा करून टाकली होती, तीही हसतमुखाने. पण निरीक्षकांना आपले जुने दुकानदार आठवले. झडती सुरू झाली की हुशार दुकानदार एक खोटे वजन आपणहून गल्ल्याखालून काढून देई, कान पकडे, माफी मागे. अशा वेळी नवखे निरीक्षक समाधानाने निघून जात. ते स्वतः कधी गेले नव्हते. दुसरे वजन कुठेतरी असतेच, हे त्यांना ठाऊक असे.

“मला चौथ्या तबकडीला कळलं,” ते म्हणाले.

तिच्या चेहऱ्यावरचे हसू लगेच गेले नाही. ते तिथेच राहिले, फक्त त्यामागचे माणूस निघून गेले.

“चौथ्या,” ती म्हणाली.

“खुंट्या दिसल्या मला.”

“किल्ली?”

“खिशात होती.”

कारागीर लाकडाचा ठोकळा उगीचच पुसू लागला. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. निरीक्षकांनी खिशातून किल्ली काढली आणि बाकावर, तिच्या बाजूला ठेवली. तिने ती उचलली नाही.

“गाडीत मी विचारलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “नळीची पाठ जास्त दिसतेय म्हणून.”

“हो.”

“आणि रोज सरावाला तुम्ही मागे उभे होतात.”

“हो.”

ती आणखी काही विचारील म्हणून ते थांबले. विचारले असते तर बरे झाले असते. प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे खरे उत्तर तयार होते. तिने विचारले नाही.

“क्लबाच्या सेक्रेटरींना मी सांगतो,” ते म्हणाले. “आजच.”

“सांगा. मी नाही सांगणार. घरीही तुम्हीच सांगा.” मग ती कारागिराकडे वळली. “काका, माप माझं घ्या.”

“सूनबाई, नीट विचार करा हो. एकसंध दस्ता तुमच्या मापाने कापला की यांना तो चालायचा नाही. लाकूड परत जोडता येत नाही.”

“माहितीये मला.”

कारागिराने निरीक्षकांकडे पाहिले. त्यांनी होकारार्थी मान हलवली. मग तो बराच वेळ मापाच्या बंदुकीचे स्क्रू फिरवत बसला. लांबी कमी केली, गालाचा काठ खाली आणला. ती घेऊन सून मघाशी निरीक्षक उभे होते तिथे जाऊन उभी राहिली.

“आता समोर कोण बघणार?” कारागीर म्हणाला आणि उत्तर तिघांनाही माहीत असल्याने तोच ओशाळला. “मिलिमीटर, तुम्हालाच यावं लागेल.”

निरीक्षक नळीच्या टोकासमोर जाऊन उभे राहिले. तिने बंदूक खांद्याला लावली. गाल, डागासकट, अलगद लाकडावर आला. दाबला नाही, टेकला. नळी स्थिर झाली आणि तिच्यापलीकडे, तिच्या पाठीवर, एक डोळा आला.

“काय दिसतंय, ते सांगत जा मला,” कारागीर म्हणाला. “डावीकडे, उजवीकडे?”

“मध्यावर.”

“उंची?”

“बाहुली पूर्ण दिसतेय. नळीच्या पाठीवर टेकलेली.”

“एक मिलिमीटर खाली घेऊ का?”

“नको. बरोबर आहे.”

“आणि डोकं? जरा वेळ थांबून बघा हं. उचलतं का?”

निरीक्षक थांबले. पाहणे हे त्यांचे काम होते आणि ते त्यांनी नीट केले. तो डोळा त्यांच्यावर होता. त्यात राग असता तर तो हलला असता. तो हलत नव्हता.

“नाही,” ते म्हणाले.

“नक्की ना? एकदा कापलं की कापलं.”

“नक्की. अजिबात नाही उचलत.”

“मग झालं माप,” कारागीर म्हणाला. “घ्या खाली.”

तिने बंदूक लगेच खाली घेतली नाही. निरीक्षकही समोरून हलले नाहीत.